सूचक, अनुमोदक आणि खानझोडे काका

खानझोडे काकांची आणि माझी पहिली सभा अमेरिकेतल्या कॅरी गावात, एका देशी दुकानात, कोथिंबिरीच्या ढिगापाशी झाली. ती सभा होती हे मला आठ दिवसांनी कळलं.

मी यादी घेऊन उभी होते. शेजारी हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर आणि पांढरेशुभ्र वॉकिंगचे बूट घातलेले एक गृहस्थ कोथिंबिरीची जुडी मुळांकडून तपासत होते. त्यांनी जुडी खाली ठेवली आणि वाकून माझ्या हातातली यादी वाचली.

"अनुक्रमांक काहून नाही घातले?"

"काका, सहाच तर वस्तू आहेत."

"सहा आहेत हे तुम्हाला माहीत आहे. कागदाला कुठं माहीत आहे?"

यादीवरून बोलणं सुरू झालं. मी रविवारची मराठी शाळा चालवते, हे त्यांना कळलं. नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात ते आस्थापना शाखेचे अधीक्षक होते आणि आता काकूंसह मुलाकडे, प्रसादकडे, राहायला आले होते, हे मला कळलं. मग मी सहज सांगून गेले की शाळेतल्या पालकांना मोठ्या मुलांसाठी मराठीची ऑनर सोसायटी काढायची आहे.

इथल्या हायस्कुलांमध्ये अशा सोसायट्या असतात. गणिताची, स्पॅनिशची, लॅटिनचीसुद्धा. चांगले मार्क आणि थोडी समाजसेवा असली की मुलांना समारंभपूर्वक सदस्य करून घेतात, आणि पदवीदानाच्या दिवशी त्यांना काळ्या झग्यावर गोंडे लावलेला एक रंगीत गोफ घालता येतो. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढते. पालकांचं लक्ष त्या ओळीवर होतं.

"घटना कोण लिहून राहिलं?" काकांनी विचारलं.

"घटना नाही हो काका, एक पानाचा फॉर्म पुरतो."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी एखाद्या माणसाला कपड्यांशिवाय बाहेर काढायला निघाले होते.

"मी लिहितो," ते म्हणाले.

आठ दिवसांनी शनिवारी सकाळी ते काकूंना घेऊन आमच्याकडे आले. बगलेत क्लिपबोर्ड आणि तीन पेनं: निळं लिहायला, लाल तपासायला, आणि काळं कशाला ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी विषयपत्रिका ठेवली. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

"मागची सभा कुठली?" मी विचारलं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "स्थळ, वाणसामानाचे दुकान, भाजी विभाग. उपस्थिती, दोन. चर्चेअंती असे ठरले की घटना समिती स्थापन करावी. कोथिंबीर ताजी नसल्याने घेण्यात आली नाही."

"मी घेतली होती," मी म्हणाले.

त्यांनी लाल पेन उचललं आणि समासात दुरुस्ती केली: एका सदस्येने घेतली. मग म्हणाले, "इतिवृत्त कायम करावे. सूचक मी. अनुमोदक?" आणि माझ्याकडे पाहू लागले.

"हात वर करून टाक गं," काकू म्हणाल्या, "नाहीतर इथंच संध्याकाळ होईल. आमच्या लग्नाच्या बैठकीत यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, या बोलणीची नोंद कोण घेऊन राहिलं? वडील म्हणाले, मुलगा हुशार दिसतो. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

मी हात वर केला आणि चिटणीस झाले. त्या दिवसापासून काका मला 'चिटणीस बाई' म्हणू लागले.

त्यांची आणखी एक सवय मला त्याच दिवशी दिसली. कागदाच्या तळाशी त्यांनी 'सभा तहकूब' असं लिहिलं. मी म्हटलं, "काका, संपली ना आता?" तर म्हणाले, "संपली म्हटलं की पुन्हा बोलवावी लागते, पुन्हा लोक गोळा करावे लागतात. तहकूब केली की ती चालूच असते. माणसं तेवढी घरी जातात." पुढे ते आमच्याकडून निघताना, फोन ठेवताना, इतकंच काय प्रसादच्या गाडीतून उतरतानाही तहकूब म्हणायचे. मुलांना तो नागपूरकडचा निरोप वाटायचा.

घटना आली तेव्हा तिच्यात त्रेचाळीस कलमं होती. मी ती चिटणीस म्हणून पूर्ण वाचली. दुसऱ्या कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही. पालकांचे प्रतिनिधी म्हणून मंदार यायचा. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, त्याची तन्वी बारावीत. त्याने फोनवर अंगठ्याने घटना सर्रकन वर सरकवली आणि म्हणाला, "काका, बेस्ट आहे. ॲप्रूव्ह करून टाकू. नोव्हेंबरमध्ये अर्ज जायचे आहेत."

"मंदार," मी म्हणाले, "कलम सात वाच."

कलम सात असं होतं: प्रत्येक नव्या सदस्याचे नाव एका विद्यमान सदस्याने सुचवावे व दुसऱ्या विद्यमान सदस्याने त्यास अनुमोदन द्यावे.

मंदारने ते दोनदा वाचलं. "पण सदस्य तर एकही नाहीये."

"अजून नाही," काका म्हणाले.

"मग पहिला सदस्य कोण सुचवणार?"

"तो प्रश्न आहे खरा."

"तुम्ही सुचवा ना!"

"मी सदस्य नाही. कलम चार. सदस्य हायस्कूलचा विद्यार्थी असला पाहिजे."

"मग फाउंडर मेंबर म्हणून डायरेक्ट चार मुलांना घेऊन टाकू. यार काका, आम्ही फक्त एक नाव आणि एक लोगो मागितला होता!"

काकांनी चष्मा काढला. "मंदारराव, ज्यांनी स्वतःच स्वतःला आत घेतलं ती संस्था नसते, टोळी असते. कोणीतरी म्हणावं लागतं की हा बरा आहे. दुसऱ्यानं म्हणावं लागतं की हो, मलाही वाटतं. एवढीच तर गोष्ट आहे."

"ठीक आहे. मग कलम सात बदलू."

"कलम अकरा," मी म्हणाले. मला कलमं पाठ होऊ लागली होती. "घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते."

मंदार उठून उभा राहिला. "शून्याचे दोन तृतीयांश शून्य. शून्य लोकांनी संमती दिली असं समजा!"

"ते शून्य लोक हजर आहेत की गैरहजर?" काकांनी शांतपणे विचारलं.

मंदार परत बसला. मला वाटतं, तो त्या प्रश्नावर खरोखर विचार करत होता.

नोव्हेंबर गेला, अर्ज गेले, ती ओळ कोणाच्याच अर्जात आली नाही. बरेचसे पालक गळाले. चार मुलं मात्र टिकली: माझी सई आणि मंदारची तन्वी, दोघी बारावीतल्या, वेद आणि नील, दोघे अकरावीतले. का टिकली, ते मला आधी कळेना. सईला विचारलं तर म्हणाली, "आई, ही इज द ओन्ली अडल्ट हू रीड्स व्हॉट वी राइट." काका मुलांचे सदस्यत्वाचे अर्ज खरंच वाचायचे. लाल पेनाने समासात लिहायचे: 'हे वाक्य प्रामाणिक वाटते', किंवा 'हे वाक्य वडिलांनी लिहिलेले दिसते'.

सदस्यत्वासाठी वीस तास सेवा करायची होती. बाकी सोसायट्यांची मुलं कचरा उचलतात, फूड बँकेत डबे लावतात, फोटो काढतात. काकांनी कलम एकोणीसमध्ये फोटोला बंदी घातली होती. सेवा एकच: लाभार्थ्याशी मराठीतून संभाषण. आणि लाभार्थी कोण? 'मुलाकडे अथवा मुलीकडे राहावयास आलेली, गाडी न चालवणारी, पासष्ट वर्षांवरील व्यक्ती.'

कॅरीत गाडी चालवता येत नसली की माणूस काय करतो, हे इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. घरातले सगळे आठ वाजता निघून जातात. मागे पाइनची झाडं, डिशवॉशरचा आवाज आणि दारात पार्सल टाकून जाणारा माणूस. असे अकरा लाभार्थी काकांनी शोधून काढले, चालत. फुटपाथ जिथे संपतो तिथे गवतावरून.

अडचण अशी आली की आजी-आजोबा प्रेमाने तास वाढवून द्यायला लागले. वेदने दोन तास गप्पा मारल्या तर एका आजीने सही करताना पाच लिहिले, कारण पोरगं उपाशी आलं होतं. तन्वीला एका आजोबांनी एकाच दिवसात एकतीस तास दिले. काकांनी त्यांना भेटून विचारलं, "दिवसाचे तास किती?" ते म्हणाले, "कुठल्या दिवसाचे? ती आली त्या दिवसाचे, की बाकीच्या?" काकांनी तो जबाब जसाच्या तसा नोंदवला आणि तन्वीला तीन तास दिले.

फेब्रुवारीत प्रसादने सांगितलं की त्याची बदली मिशिगनला, नोव्हायला झाली आहे. जूनमध्ये निघायचं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मला फोन केला.

"चिटणीस बाई, हायस्कुलाला सदस्यांची यादी कधी द्यायची आहे?"

"मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. नाही दिली तर नाव क्लबांच्या यादीतून जाईल."

"आणि पुढच्या वर्षी मी नसेन," ते म्हणाले. "दोघी बारावीच्या जातील. मागे वेद आणि नील उरतात. एक सूचक, एक अनुमोदक. बरोब्बर दोन. एकही कमी पडला तर संस्था कायमची बंद. मी इथं नसल्यावर यांना टोळी व्हायला वेळ लागणार नाही."

म्हणजे वेद आणि नील दोघंही लागणार होते. आणि नेमका नील अडकला.

नीलची अडचण साधी होती. त्याला मराठी समजायची, बोलता यायची नाही. इथेच जन्मलेला, उंच, लाजाळू मुलगा. त्याने लाभार्थी म्हणून खुद्द काकूंना निवडलं होतं, कारण त्यांचं घर त्याच्या घरासमोर होतं. एप्रिलमध्ये त्याचा फॉर्म आला: वीस तास, खाली काकूंची सही. काकांनी तो परत पाठवला. त्यांच्या हिशेबाने चौदाच भरत होते.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तो यायचा तेव्हा मी वरच्या खोलीत असायचो. खालून बोलण्याचा आवाज किती वेळ आला ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. सहा तास आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना कारणे दाखवा नोटीस बजावली. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे; फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती. विषय: सेवातासांच्या नोंदीतील तफावतीबाबत. खाली: 'तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

काकूंनी मला फोन करून नोटीस वाचून दाखवली होती. मला वाटलं चिडल्या असतील. तर म्हणाल्या, "अगं, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा यांनी विचारलं की माझं काही म्हणणं आहे का. आता सोडते की काय मी?"

खुलासा त्यांनी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे लिहिला. मी चिटणीस असल्याने त्याची प्रत माझ्याकडे आहे.

'१. मुलगा वीस तास इथे होता. २. चौदा तास आम्ही बोललो. ३. सहा तास तो नुसता बसला, कारण त्याला शब्द सापडत नव्हते. मीही बसले. आम्ही वाटाणे सोलले. ४. त्या सहा तासांत आपण वरच्या खोलीत घटनेची शुद्ध प्रत काढत होतात. ५. नुसतं शेजारी बसणं ही सेवा नाही असे कुठल्या कलमात आहे ते दाखवावे.'

काकांनी तो उभ्यानेच वाचला. प्रसादकडे वळून म्हणाले, "अनुक्रमांक घातले आहेत."

पण कलम एकोणीसमध्ये संभाषण असाच शब्द होता. खुलासा मान्य झाला, तास नामंजूर. नीलला आणखी सहा तास बोलावं लागणार होतं आणि यादी द्यायला चार दिवस उरले होते. बाकीचे लाभार्थी एक तर मराठी मंडळाच्या सहलीला गेलेले, नाहीतर भारतात परतलेले. मी काकांच्या घरी बसून, माझी यादी काढून एकेकाच्या नावावर काट मारत होते. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या घटनेतली व्याख्या वाचा जरा. लाभार्थ्याची. मोठ्यानं."

काकांनी वाचलं. "मुलाकडे अथवा मुलीकडे राहावयास आलेली, गाडी न चालवणारी, पासष्ट वर्षांवरील व्यक्ती."

"तुम्हाला गाडी येते का?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं.

"तुमचं वय किती? की ते पण तहकूब आहे?"

त्यांनी व्याख्या पुन्हा एकदा, मनात वाचली. "हे कलम कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, काका," मी म्हणाले.

"फार व्यापक झालं," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

नील दोन दिवस त्यांच्याकडे गेला. त्या वरच्या खोलीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एकदा सईला त्यांच्या गल्लीत सोडायला गेले तेव्हा वरची खिडकी उघडी होती आणि नीलचा आवाज आला, "आजोबा, हा कागद... कशाला... ठेवला?" मग काकांचा आवाज सुरू झाला, तो मी गाडी वळवून जाईपर्यंत थांबला नव्हता. खोलीत नागपूरहून आणलेल्या फायली होत्या आणि त्यातल्या कुठल्या नोव्हायला न्यायच्या ते ठरत होतं एवढं नंतर कळलं. नीलने प्रत्येक फाइलबद्दल विचारलं. आमच्यापैकी कोणीच कधी विचारलं नव्हतं.

शपथविधी शनिवारी होता. वाचनालयाचा छोटा हॉल मी दोन ते चार बुक केला होता. बाहेर गाड्यांवर पाइनचे पिवळे पराग साचले होते. काका कोट घालून आले, खांद्यावर पिवळी पूड. मंदारने पेढे आणले होते, सोबत चार शाली आणि चार नारळ. वाचनालयात फक्त कोरडा खाऊ चालतो. नारळ कोरडा की ओला यावर काका आणि तिथल्या बाईंची चर्चा झाली. फोडला नाही तोवर कोरडा, असं ठरलं.

दोनला पाच मिनिटं असताना मी नीलचा फॉर्म तपासायला घेतला. लाभार्थ्याची सही, खाली स्वच्छ अक्षरात: खानझोडे. तास: साडेपाच.

"काका! सहा पाहिजेत."

"अर्धा तास मला डोळा लागला होता," काका म्हणाले. "तो सेवेत धरता येणार नाही."

मंदारने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तुम्ही झोपलात त्यात त्याची काय चूक? काका, आज यादी मेल करायची आहे! चारला हॉल सोडायचा आहे!"

"आता दोन वाजले आहेत," काका म्हणाले. "अडीचपर्यंत सभा तहकूब." आणि नीलला म्हणाले, "चल."

पंचवीस लोक पेढे न खाता अर्धा तास बसून राहिले. बाहेर कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या नळाशेजारच्या बाकावर, कोट घातलेला म्हातारा आणि स्वतःजवळचा एकमेव सूट घातलेला मुलगा बोलत होते. दाराच्या काचेतून दिसत होतं. नील हातवारे करत काहीतरी सांगत होता, मध्येच अडत होता, काका शब्द पुरवत नव्हते, थांबत होते. शब्द सापडला की मान डोलवत होते. अडीचला एक मिनिट असताना मी दार उघडलं. काकांनी बोट वर केलं. आम्ही ते एक मिनिटही थांबलो.

फॉर्मवर सहा झालं. सही दोन्ही बाजूंची झाली. आता फक्त कलम सात उरलं होतं, आणि ते आठ महिने होतं तिथेच होतं. सूचक नाही, अनुमोदक नाही.

काका पुढे उभे राहिले. "या क्षणी संस्थेचे सदस्य, शून्य," त्यांनी जाहीर केलं. मला वाटतं, मार्ग निघेल अशी त्यांना खात्री नव्हती, आणि कलम मोडायचीही त्यांची तयारी नव्हती. ते तसेच नोव्हायला गेले असते.

तन्वीने हात वर केला. "आजोबा, आम्ही चौघं गोल उभे राहिलो तर? मी उजवीकडच्याला सुचवते. डावीकडच्याला अनुमोदन देते. सगळे तसंच करतील. म्हणजे प्रत्येकाला एक सूचक, एक अनुमोदक, वेगवेगळे."

"पण सुचवणारा आधी सदस्य पाहिजे."

"सगळे एकदम. ॲट द सेम टाइम. मग आधी कोणीच नसतं."

काकांनी घटना उघडली, कलम सात काढलं, बोट ठेवून वाचलं, पान उलटून मागे काही आहे का पाहिलं. मग काळं पेन काढलं. ते कशाला असतं ते आता कळेल असं मला वाटलं, पण त्यांनी ते नुसतं हातात धरलं.

"आधी कोण आणि नंतर कोण, याबद्दल कलम सात काही बोलत नाही," ते म्हणाले. "बोलत नाही म्हणजे हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा. चौघांपैकी एकानं जरी मनापासून म्हटलं नाही, तर चौघंही बाहेर."

मुलं गोल उभी राहिली. काकू म्हणाल्या, "अहो, आकडे मोजा आता." काकांनी मोजले. एक, दोन, तीन. चौघं एकदम ओरडली; कोण कोणाला काय म्हणालं ते काही म्हणजे काही कळलं नाही. शेजारच्या खोलीतली वाचनालयाची बाई धावत आली. काका तिला म्हणाले, "कॅरीड. युनॅनिमसली."

तीन पन्नासला मी यादी मेल केली. चार नावं, अनुक्रमांकासह.

गोफ कमीत कमी बाराच मागवावे लागले होते. पदवीदानाला सई आणि तन्वीने घातले, दोन पुढच्या वर्षीसाठी वेद आणि नीलच्या नावाने पाकिटात, आठ उरले. काका निघायच्या आदल्या दिवशी तन्वी त्यातला एक त्यांना द्यायला गेली.

"मी पात्र नाही," काका म्हणाले. "कलम चार."

"मग फाइल बांधायला घ्या."

"साहित्य म्हणून देतेस?"

"हो."

त्यांनी तिला पोच लिहून दिली: केशरी गोफ, नग एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, सई आणि बाकीची तिघं मुलं त्यांच्या दारात उभे होतो. व्हॅन भरलेली. पुढे प्रसाद आणि काकू, मागच्या सीटवर काका, मांडीवर एक जाड फाइल, तिला केशरी गोफाची गाठ आणि दोन गोंडे लोंबकळत. काच खाली करून त्यांनी मला शपथविधीचं इतिवृत्त दिलं.

"हे अजून कायम झालेलं नाही, चिटणीस बाई. पुढच्या सभेत वाचा. सूचक आणि अनुमोदक आहेत आता."

"वाचते, काका."

"काच वर करा," काकू पुढून म्हणाल्या. "सगळी गार हवा कॅरीलाच ठेवून जायची आहे का?"

नील पुढे आला. त्याने आधी मनात जुळवलं असावं. "आजोबा, सभा संपली का?"

"तहकूब," काका म्हणाले, आणि काच वर गेली.

व्हॅन निघाली. कोपऱ्यावरच्या 'स्टॉप'च्या पाटीपाशी थांबली, आणि थांबूनच राहिली. मला वाटलं काही विसरलं. मागची काच पुन्हा खाली आली, क्लिपबोर्ड धरलेला हात बाहेर आला आणि काकांचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला.

"उपस्थिती किती?"

आम्ही रस्त्यावर पाच जण उभे होतो. मी पाच म्हणणार, तेवढ्यात नीलने आम्हाला मोजलं, व्हॅनकडे बोट करून पुढे मोजलं, आणि हाताचा कर्णा करून ओरडला,

"आठ!"

हात क्षणभर तसाच राहिला. मग आत गेला, आणि व्हॅन वळली.